गिमवीचा कृमी आणि ट्रॉम्बेचा स्फटिक : एका परजीवी प्रथिनाच्या रचनेचा इतिहास

प्रस्तावना

विज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध कोणी लावला आणि केव्हा लावला, या दोन प्रश्नांना सामान्यतः अग्रक्रम दिला जातो. एखादा शोध विशिष्ट ठिकाणीच का लागला आणि परिस्थिती अनुकूल वाटत असतानाही दुसऱ्या ठिकाणी का लागला नाही, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. परजीवी कृमींच्या प्रथिनांची रचना स्फटिकविज्ञानाच्या साहाय्याने उलगडण्याचा जो उपक्रम विसाव्या शतकाच्या अखेरीस जगात सुरू झाला, त्याच्या संदर्भात हा तिसरा प्रश्न महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो.

या उपक्रमासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात. रोगाचे आणि त्यास कारणीभूत असणाऱ्या कृमीचे प्रत्यक्ष ज्ञान ही पहिली. त्या कृमीच्या प्रथिनाची रासायनिक ओळख ही दुसरी. आणि प्रथिनाच्या स्फटिकावर किरणांचा मारा करून अणूंची स्थाने निश्चित करण्याची यंत्रसामग्री व विद्या ही तिसरी. यांपैकी पहिली गोष्ट रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावाच्या निमित्ताने १९५२ मध्येच उपलब्ध झाली होती. तिसऱ्या गोष्टीची पायाभरणी आजच्या मुंबई उपनगर जिल्ह्यातील ट्रॉम्बे येथे त्याच दशकात झाली. असे असूनही ज्या कृमीची गिमवीत नोंद झाली त्याच्या प्रथिनाची रचना अखेर युरोपात उलगडली गेली. हे असे का घडले आणि त्यातून कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गिमवी : एका रोगाची नोंद

शिस्टोसोमा या वंशातील कृमी मनुष्याच्या रक्तवाहिन्यांत राहतात. त्यांपैकी शिस्टोसोमा हिमॅटोबियम या जातीचे नर-मादी मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये जोडीने वास करतात. मादीने घातलेली अंडी मूत्राशयाच्या भित्तीतून बाहेर पडताना रक्तस्राव होतो आणि लघवीतून रक्त जाणे हे या रोगाचे ठळक लक्षण ठरते. अंडी गोड्या पाण्यात पोहोचली की त्यांतून बाहेर पडणारे डिंभ विशिष्ट जातीच्या गोगलगायीच्या शरीरात शिरतात, तेथे त्यांची वाढ होते आणि पुढील अवस्थेतील डिंभ पुन्हा पाण्यात येऊन, पाण्यात उतरलेल्या मनुष्याच्या त्वचेतून थेट आत प्रवेश करतात. थिओडोर बिलहार्झ या जर्मन वैद्याने १८५१ मध्ये कैरो येथे या कृमीचा शोध लावला. गोगलगायीचा यातील सहभाग रॉबर्ट लायपर यांनी १९१५ मध्ये इजिप्तमध्येच सिद्ध केला.

हा रोग आफ्रिका व पश्चिम आशियातील म्हणून ओळखला जात असे. भारतात आढळणारे तुरळक रुग्ण परदेशातून रोग घेऊन आलेले असावेत, असा समज दृढ होता. गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस’ या नियतकालिकातून तत्कालीन मुंबई राज्यातील एका स्थानिक केंद्राची माहिती प्रसिद्ध केली आणि या समजाला धक्का बसला. हे केंद्र म्हणजे गुहागर तालुक्यातील गिमवी हे गाव होय. केवळ रुग्णांच्या नोंदीवर न थांबता या संशोधकांनी कृमीचा मध्यस्थ पोषक शोधला. गोड्या पाण्यात दगडांना व पानांना चिकटून राहणारी फेरिसिया टेन्युइस ही चिमुकली गोगलगाय तो पोषक असल्याचे त्यांनी मांडले. १९५५ मध्ये त्यांनी या कृमीचे जीवनचक्र प्रयोगशाळेत प्रस्थापित केल्याचे वृत्त ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध केले.

आफ्रिकेत या जातीचा मध्यस्थ पोषक बुलिनस वंशातील गोगलगाय असते. त्यामुळे गिमवीचा कृमी नेमका कोणता, याविषयी पुढे अभ्यासकांमध्ये मतभेद झाले. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. मनुष्याला होणाऱ्या या रोगाचे स्थानिक केंद्र भारतात असू शकते हे कोकणातील एका खेड्याने दाखवून दिले, आणि परजीवी कृमी प्रयोगशाळेत जतन करण्याचे कठीण काम येथील संशोधकांना अवगत होते.

स्फटिकापर्यंतचा मार्ग

याच काळात जगाच्या दुसऱ्या भागात प्रथिनांच्या रचनेचा प्रश्न निर्णायक टप्प्यावर आला होता. माक्स फोन लाऊए यांनी १९१२ मध्ये स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन होते हे दाखविले आणि पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी त्या आधारे साध्या क्षारांची अणुरचना मांडली. प्रथिनाच्या स्फटिकाचे पहिले समाधानकारक विवर्तनचित्र बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी १९३४ मध्ये पेप्सिनचे घेतले. परंतु विवर्तनचित्रावरून किरणांची तीव्रता मोजता येते, त्यांची कला मात्र हरवलेली असते. ही कला परत मिळविल्याशिवाय अणूंची स्थाने काढता येत नाहीत. पेरुट्झ यांनी पन्नाशीच्या दशकात प्रथिनाच्या स्फटिकात जड धातूचे अणू बसवून ही अडचण दूर केली. केंड्रू यांनी मायोग्लोबिनची पहिली त्रिमितीय रचना १९५८ मध्ये प्रसिद्ध केली आणि या दोघांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा कालक्रम लक्षात घेतल्यास एक गैरसमज टाळता येतो. गिमवीचा कृमी प्रयोगशाळेत वाढू लागला त्या १९५५ या वर्षी जगात कोठेही प्रथिनाची पूर्ण रचना ज्ञात नव्हती. शिवाय त्या काळी स्फटिक तयार करण्यासाठी शुद्ध प्रथिन मोठ्या प्रमाणात लागत असे. घोड्याचे रक्त किंवा देवमाशाचे स्नायू ते पुरवू शकत होते, सेंटिमीटरभर लांबीचा कृमी नव्हे. म्हणून पन्नाशीच्या दशकात ही संधी हुकली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. संधी नंतर आली. तिचा विचार करण्यापूर्वी ट्रॉम्बे येथील परंपरेकडे पाहणे आवश्यक आहे.

ट्रॉम्बेची परंपरा

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यात घाटकोपर, मुलुंडप्रमाणेच ट्रॉम्बेचाही समावेश होतो. येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. पुढील वर्षी जानेवारीत अणुशक्ती आस्थापनेचे औपचारिक उद्घाटन झाले आणि १९६७ मध्ये तिला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. १९६० मध्ये सायरस अणुभट्टी सुरू झाली. ती २०१० च्या अखेरीस कायमची बंद करण्यात आली. १९८५ मध्ये ध्रुव या अधिक क्षमतेच्या भट्टीची भर पडली.

या भट्ट्यांमधून मिळणाऱ्या न्यूट्रॉनांचा उपयोग स्फटिकविज्ञानासाठी करण्याची परंपरा राजगोपाल चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविली. क्ष-किरणांचे प्रकीर्णन इलेक्ट्रॉनांकडून होते. हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन असल्याने त्याचे स्थान क्ष-किरणांना अस्पष्ट दिसते. न्यूट्रॉनांचे प्रकीर्णन अणुकेंद्राकडून होत असल्यामुळे हायड्रोजनचे स्थान त्यांच्या साहाय्याने अचूक ठरविता येते. प्रथिनांची घडी ज्या हायड्रोजन बंधांवर उभी असते त्यांचे गणित समजण्यासाठी हे ज्ञान मूलभूत होते. लायसिन, ग्लुटामिक आम्ल इत्यादी अमिनो आम्लांच्या क्षारांची न्यूट्रॉन विवर्तनाने ठरविलेली रचना सिक्वेरा, चिदंबरम आदींनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे प्रथिनांच्या विटांची मोजमापे ट्रॉम्बे येथे घेतली जात होती. इमारतीकडे वळणे ही पुढची पायरी होती.

ती पायरी के. के. कण्णन यांच्यासारख्या संशोधकांमुळे गाठली गेली. स्वीडनमधील उप्साला येथे मानवी कार्बोनिक अनहायड्रेज या एन्झाइमची रचना उलगडणाऱ्या गटात त्यांचा महत्त्वाचा सहभाग होता, आणि तो अनुभव पुढे ट्रॉम्बेच्या उपयोगी पडला. पिल्लई, कण्णन आणि होसूर यांनी एचआयव्ही विषाणूच्या प्रोटिएज या एन्झाइमची १.९ अँगस्ट्रॉम विभेदनाची रचना २००१ मध्ये प्रसिद्ध केली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. यावरून या मोजमापाच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. इंदूर येथील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रथिन-स्फटिकविज्ञानासाठी किरणमार्ग उभारण्याचे कार्यही भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संशोधकांनी केले आणि त्याचे सविस्तर वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

या परंपरेचे महत्त्व निःसंशय आहे. तथापि ट्रॉम्बेच्या प्रथिन-स्फटिकविज्ञानाची जगाला ओळख ज्या कामांमुळे झाली त्यांत परजीवी कृमीच्या प्रथिनाला स्थान नाही.

कृमीच्या प्रथिनाची ओळख

ऐंशीच्या दशकात परिस्थिती मूलतः बदलली. जनुक वेगळे करून ते जिवाणूत घालण्याचे तंत्र रुळले आणि प्रथिनासाठी कृमींचा साठा बाळगण्याची गरज उरली नाही. हव्या त्या प्रथिनाचे जनुक मिळाले की ई. कोलाय हा जिवाणू ते प्रथिन मिलिग्रॅमच्या प्रमाणात तयार करून देऊ लागला.

मेलबर्न येथील संशोधक शिस्टोसोमा जॅपोनिकम या पूर्व आशियातील जातीचा अभ्यास करीत होते. उंदरांच्या एका विशिष्ट वाणावर या कृमीचा प्रभाव कमी पडतो, असे त्यांच्या लक्षात आले. हे उंदीर कृमीच्या २६ हजार रेणुभाराच्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करीत होते. ते प्रथिन म्हणजे ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे एन्झाइम असल्याचे डोनाल्ड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले. विषारी पदार्थांना ग्लुटाथायोनचा रेणू जोडून ते निरुपद्रवी करणे हे या एन्झाइमचे कार्य. पोषकाच्या रक्तात राहून त्याच्या हल्ल्याला तोंड देणाऱ्या कृमीला अशा संरक्षणाची नितांत गरज असते. म्हणूनच औषध आणि लस या दोन्हींचे लक्ष्य म्हणून या प्रथिनाकडे पाहिले जाऊ लागले.

१९८८ मध्ये स्मिथ आणि जॉन्सन यांनी याच प्रथिनाचा एक अनपेक्षित उपयोग सुचविला. हे एन्झाइम ग्लुटाथायोनला घट्ट धरून ठेवते. त्यामुळे ज्या प्रथिनाचा अभ्यास करावयाचा आहे त्याला ते शेपटीसारखे जोडले, तर ग्लुटाथायोन लावलेल्या मण्यांवर ते संयुक्त प्रथिन अडकते आणि बाकीचे सारे धुऊन टाकता येते. प्रथिने शुद्ध करण्याची ही पद्धत अल्पावधीतच जगभर पसरली आणि भारतातील प्रयोगशाळांतही ती नित्याची झाली. ‘जीएसटी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही शेपटी मुळात एका रक्तवासी कृमीची आहे, हे मात्र ती वापरणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात येत नाही.

रचनेचा उलगडा

या एन्झाइमच्या कुलातील पहिली रचना १९९१ मध्ये डुकराच्या फुफ्फुसातील प्रथिनाची प्रसिद्ध झाली. एका सदस्याची रचना ज्ञात झाली की तिचा आराखडा वापरून सजातीय प्रथिनांच्या विवर्तनातील हरवलेली कला शोधणे सोपे होते. त्यानुसार शिस्टोसोमा जॅपोनिकमच्या प्रथिनाची रचना १९९४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केली. त्यांनी वापरलेल्या प्रथिनाला एचआयव्हीच्या एका प्रथिनाचा सहा अमिनो आम्लांचा तुकडा जोडलेला होता. म्हणजे कृमीच्या प्रथिनाची ही रचना रोगाच्या अभ्यासापेक्षा त्याच्या साधन म्हणून असलेल्या उपयोगाच्या ओघात पुढे आली. भारताच्या दृष्टीने १९९४ हे वर्ष आणखी एका कारणाने स्मरणीय आहे. बंगळूर येथील विजयन यांच्या गटाने भुईमुगातील लेक्टिनची रचना त्याच वर्षी प्रसिद्ध केली. प्रथिनाची रचना देशातच उलगडण्याचे सामर्थ्य भारतात त्या वेळी सिद्ध झालेले होते, याची ती साक्ष होय.

१९९५ मध्ये मॅकटिग, विल्यम्स आणि टेनर यांनी कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेतून मूळ प्रथिनाची, तसेच प्राझिक्वान्टेल या औषधासह त्याची रचना मांडली. सत्तरीच्या दशकात जर्मनीत विकसित झालेले प्राझिक्वान्टेल हे या रोगावरील प्रमुख औषध आहे. एन्झाइमचे दोन समान घटक जेथे एकत्र येतात तेथील खाचेत औषधाचा रेणू बसलेला त्यांना आढळला.

गिमवीत ज्या जातीची नोंद झाली त्या शिस्टोसोमा हिमॅटोबियमच्या २८ हजार रेणुभाराच्या ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेजची रचना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. हे काम रोममधील संशोधकांच्या पुढाकाराने झाले. एन्झाइमच्या कार्यात कळीचा असणारा दहाव्या क्रमांकाचा टायरोसिन दोन वेगवेगळ्या स्थितींत आढळतो, ही त्यातील लक्षणीय बाब होती. याच प्रथिनावर आधारलेली लस फ्रान्समध्ये विकसित केली जात होती. रोगाचे ज्ञान, प्रथिनाचे रसायन आणि स्फटिकाचे भौतिकी या तीन वाटा तेथे एकत्र आल्या.

रचनेने काय दिले आणि काय दिले नाही

या इतिहासाचे मूल्यमापन करताना यशाबरोबर मर्यादांचीही नोंद घेणे क्रमप्राप्त आहे. सेनेगलमधील बालकांवर झालेल्या लसीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. लस सुरक्षित ठरली, परंतु रोगाची पुनरावृत्ती रोखण्यात तिला पुरेसे यश आले नाही. प्राझिक्वान्टेलबाबत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने औषधाचे लक्ष्य कृमीच्या पेशीपटलावरील एक आयनमार्ग असल्याचे दाखविले. स्फटिकात औषध एखाद्या प्रथिनाला चिकटलेले दिसले, एवढ्यावरून ते त्याच प्रथिनामार्फत कृमीला मारते, असा निष्कर्ष काढता येत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

याचा अर्थ रचनेचे ज्ञान निष्फळ ठरले, असा नव्हे. मानवी एन्झाइम आणि कृमीचे एन्झाइम यांतील फरक अणूच्या पातळीवर दाखविणे, चुकीच्या कल्पना तपासण्याजोग्या स्वरूपात मांडणे आणि नव्या रेणूंच्या शोधाला दिशा देणे ही कामे रचनाच करू शकते. मात्र रचना ही उत्तराची सुरुवात असते. तिला अर्थ प्राप्त होतो तो रुग्णाच्या, गोगलगायीच्या आणि ओढ्याच्या पाण्याच्या ज्ञानाशी सांगड घातल्यानंतरच. हे ज्ञान गाडगीळ व शाह यांनी गिमवीत गोळा केले होते.

तीन वाटा का मिळाल्या नाहीत

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. १९८६ नंतर गिमवीचा विषय ट्रॉम्बेपर्यंत पोहोचण्यास तांत्रिक अडथळा मोठा नव्हता. अडथळा अन्य स्वरूपाचा होता. पहिले कारण रोगाच्या व्याप्तीचे. गिमवीचे केंद्र लहान होते. तेथील रहिवाशांच्या रक्तद्रवाची एलायझा पद्धतीने केलेली तपासणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे वैद्यकीय कुतूहल टिकून होते. परंतु राष्ट्रीय आरोग्याच्या अग्रक्रमात या रोगाला स्थान मिळण्याजोगी त्याची व्याप्ती नव्हती. एचआयव्ही हा मात्र त्या काळी खुद्द मुंबईपुढे उभा ठाकलेला प्रश्न होता. त्यामुळे ट्रॉम्बेने केलेली निवड स्थानिक वास्तवापासून तुटलेली होती, असा आक्षेप घेता येणार नाही.

दुसरे कारण संस्थात्मक आहे. परजीवीविज्ञान वैद्यकीय महाविद्यालयांत, प्रथिनांचे रसायन विद्यापीठांच्या जीवरसायन विभागांत आणि स्फटिकविज्ञान भौतिकीच्या प्रयोगशाळांत, अशी विभागणी आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. प्रत्येक शाखेची नियतकालिके, परिसंवाद आणि अनुदानाचे मार्ग निराळे. १९५२ चा शोधनिबंध वैद्यकीय नियतकालिकात होता आणि भौतिकीच्या अभ्यासकाने तो वाचावा अशी कोणतीही व्यवस्था नव्हती. रोम आणि लील यांच्यातील सहकार्यात या भिंती ओलांडल्या गेल्या, म्हणून तेथे रचना उलगडली. उपकरणांपेक्षा हा फरक अधिक निर्णायक ठरला.

निष्कर्ष

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, महाराष्ट्रातील परजीवीविज्ञानाचा आणि मुंबई उपनगरातील स्फटिकविज्ञानाचा इतिहास स्वतंत्रपणे समृद्ध असला तरी तो एकत्र वाचला गेल्याशिवाय त्यातील उणीव लक्षात येत नाही. दुसरा असा की, ज्या रोगाचे रुग्ण थोडे आणि गरीब असतात त्याचे प्रथिन संशोधनाच्या यादीत आपोआप येत नाही. ते यादीत आणावे लागते, आणि त्यासाठी जुन्या स्थानिक नोंदींचे जतन आवश्यक असते. तिसरा निष्कर्ष महाविद्यालयांशी संबंधित आहे. १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत वर उल्लेखिलेल्या रचना कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यासाठी अणुभट्टी लागत नाही की सिंक्रोट्रॉन लागत नाही. साधा संगणक पुरेसा आहे. प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या तीन विभागांच्या प्राध्यापकांनी एका कृमीचे एक प्रथिन विद्यार्थ्यांपुढे एकत्रितपणे उलगडून दाखविले, तर विषयांमधील ज्या भिंतींमुळे गिमवी आणि ट्रॉम्बे यांची भेट झाली नाही, त्या निदान वर्गापुरत्या तरी दूर होतील. पदवी अभ्यासक्रमातील प्रकल्पकार्याला यापेक्षा कमी खर्चाचा आणि अधिक फलदायी विषय मिळणे कठीण आहे.